गाडीवरचा स्टिकर आणि पोलिसाचा मान



अर्विंगमध्ये आम्ही राहतो त्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एक जुनी टोयोटा उभी असते. तिच्या मागच्या काचेवर एक स्टिकर आहे. काळा-पांढरा अमेरिकन झेंडा आणि मधोमध एक निळी पट्टी. 'आम्ही पोलिसांच्या पाठीशी आहोत' असा त्याचा अर्थ. गाडी आपल्याच माणसाची, कराडकडचा आहे, शेजारच्या गावात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला जातो. मी त्याला एकदा विचारलं, "दादा, हा स्टिकर कशाला?" तो म्हणाला, "पोलिसाचा मान ठेवायला नको का? जीव धोक्यात घालतात ते. आणि खरं सांगू, स्टिकर बघून गाडी थांबवत नाहीत म्हणे."

दोन महिन्यांनी हाच माणूस रात्री अकरा वाजता आमच्या खोलीवर आला. अकरा आठवड्यांचा ओव्हरटाइम मालकाकडे थकला होता. मागायला गेला तर मालकानं कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. खांदा सुजला होता. आम्ही म्हटलं, ९११ ला फोन करू. त्यानं हात जोडले. "नको. पोलीस नको. आपण परक्या मुलखातली माणसं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

म्हणजे बघा, पोलिसाच्या मानाचा स्टिकर लावणारा आणि पोलिसाला फोन करायला घाबरणारा माणूस एकच होता. त्या रात्रीपासून मनात प्रश्न घोळतोय. पोलिसाला त्याच्या कामासाठी खास मान द्यावा का? आणि आपण जो देतो तो मान आहे, की नुसती भीती?

आधी मानाची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे.

७ जुलै २०१६. अर्विंगहून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर डॅलस शहराच्या मध्यभागी मोर्चा चालू होता. मोर्चा पोलिसांच्याच विरोधात होता. लुइझियाना आणि मिनेसोटात पोलिसांच्या गोळीनं दोन काळ्या माणसांचा जीव गेला होता, त्याचा निषेध. बंदोबस्ताला पोलीसच होते. एका माणसानं पोलिसांना टिपायला सुरुवात केली. ज्यांच्या विरोधात घोषणा चालल्या होत्या तेच पोलीस मोर्चेकऱ्यांना आडोशाला नेत होते, गोळीच्या दिशेनं धावत होते. पाच पोलीस गेले. चार डॅलस शहराचे आणि एक डार्टचा, म्हणजे आपण ज्या ऑरेंज लाइननं कामाला जातो त्या रेल्वेचा. आपल्याविरुद्ध घोषणा देणाऱ्यासाठी जीव देणं सोपं नाही. त्या पाच जणांपुढे मान झुकते, आणि झुकायलाच हवी.

आपल्याला तर हे कुणी शिकवायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र कोण विसरलंय? गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. समोरच्याकडे एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावचा हा सहायक उपनिरीक्षक. सरकारनं अशोक चक्र दिलं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गावापासून केडंबे हाकेच्या अंतरावर आहे. तो मान वर्दीनं मागून घेतलेला नाही, त्या माणसानं कमावलेला आहे.

आता दुसरी बाजू. तीही याच टेक्सासची आहे.

२४ मे २०२२. युवाल्डी गावातल्या प्राथमिक शाळेत एक बंदूकधारी शिरला. १९ लेकरं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ अधिकारी तिथं जमले होते. ढाली होत्या, बंदुका होत्या. वर्गातून लेकरं ९११ ला फोन करत होती. आणि पोलीस वर्गात शिरेपर्यंत ७७ मिनिटं गेली. बाहेर आईबाप ओरडत होते, त्यांनाच अडवलं जात होतं.

डॅलसला जो बिल्ला होता तसाच बिल्ला इथं. म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं की, मान बिल्ल्याला चिकटलेला नसतो. तो कृतीला असतो. वर्दी घातली म्हणून ओंबळे होत नाहीत, आणि वर्दीवाला दिसला म्हणून तो वाईटच असंही नाही.

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण धोक्याचं काम आहे ना? त्याचा तरी खास मान? धोका आहे, मान्य. पण मग हिशोब नीट करू. अमेरिकेचं कामगार खातं दरवर्षी कामावर मेलेल्यांचे आकडे काढतं. २०२२ मध्ये सगळ्या कामगारांत मिळून लाखामागे ३.७ मृत्यू होते. छपरं घालणाऱ्यांत तेच प्रमाण लाखामागे पन्नासच्या वर. झाडं तोडणारे, ट्रक चालवणारे, कचरा उचलणारे, या सगळ्यांचं मरण्याचं प्रमाण पोलिसांपेक्षा जास्त आहे. यात पोलिसाला कमी लेखायचं नाही. फरक इतकाच की पोलीस गेला की झेंडा अर्ध्यावर येतो, रस्त्याला त्याचं नाव लागतं. जुलैच्या उन्हात छपरावरून पडून मजूर गेला तर दुसऱ्या दिवशी त्याच छपरावर दुसरा मजूर चढलेला असतो.

हा फरक नुसता फुलांचा नाही, पैशांचाही आहे. ड्यूटीवर पोलीस गेला तर त्याच्या कुटुंबाला केंद्र सरकार मदत देतं, १९७६ पासून तसा कायदा आहे. चांगला कायदा आहे, असायलाच हवा. पण टेक्सासमध्ये खासगी मालकाला कामगाराचा अपघात विमा घ्यायची सक्ती नाही. घ्या किंवा घेऊ नका. मालकानं घेतला नसेल तर पाय मोडलेल्या मजुरानं वकील गाठून मालकावर दावा लावायचा, आणि तोवर घर कसं चालवायचं ते त्याचं त्यानं बघायचं. धोक्याच्या कामाला मान द्यायचा तर तो सगळ्या धोक्याच्या कामांना द्या. आणि मान म्हणजे स्टिकर नको, विमा द्या.

आता अर्विंगचीच गोष्ट, कारण इथं राहून ती माहीत नसणं बरं नाही.

२००६-०७ च्या सुमारास अर्विंगच्या पोलिसांनी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी जोडणी केली. तुरुंगात आणलेल्या माणसाची इमिग्रेशनची चौकशी चोवीस तास फोनवर करता येऊ लागली. सांगितलं असं की, मोठे गुन्हेगार पकडायचेत. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या एका संस्थेनं अर्विंगच्या अटकांची नोंद तपासली आणि २००९ मध्ये अहवाल काढला. जोडणी झाल्यावर हिस्पॅनिक लोकांच्या किरकोळ कारणांवरच्या अटका एकदम वाढल्या होत्या, खासकरून ट्रॅफिकच्या बारीकसारीक चुकांवरून. इमिग्रेशननं ज्यांना अडकवून ठेवायला सांगितलं त्यांत गंभीर गुन्ह्याचे आरोपी फक्त २ टक्के होते. २००७ मध्ये तर डॅलसच्या मेक्सिकन वकिलातीनं आपल्या लोकांना सांगितलं होतं की अर्विंगमधून गाडी चालवणं टाळा.

जरा विचार करा. ज्या शहरात ब्रेकलाइट फुटला म्हणून माणूस घरी पोचत नाही, त्या शहरात लुटला गेलेला माणूस पोलिसाला फोन करेल का? नवऱ्याचा मार खाणारी बाई करेल का? चोराला ते बरोबर कळतं. मालकालाही कळतं.

आणि हे फक्त मेक्सिकन लोकांपुरतं आहे असं समजून गप्प बसणारे आपल्यात खूप आहेत. 'आपण भारतीय, आपल्याला काही करत नाहीत.' २०१५ च्या सप्टेंबरात अर्विंगच्या मॅकआर्थर हायस्कूलमध्ये १४ वर्षांच्या एका मुलानं घरी बनवलेलं घड्याळ शाळेत आणलं. शाळेला ते बॉम्बसारखं वाटलं, पोलिसांनी पोराला बेड्या घातल्या. गुन्हा काही दाखल झाला नाही, पण बेड्या घातलेला त्याचा फोटो जगभर गेला. घरच्यांनी नंतर दावा लावला, कोर्टानं तो फेटाळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फुटपाथवरून फिरत होते. कुणीतरी फोन केला, अनोळखी माणूस फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला मार बसून शरीर लुळं पडलं. राज्याच्या गव्हर्नरनं भारताची माफी मागितली. पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडलं. त्या आजोबांनी पोलिसाचा काय अपमान केला होता? त्यांना फक्त भाषा येत नव्हती.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणजे पोलीस आपले शत्रूच. नाही. इथंच थोडं थांबा. त्यासाठी आपल्याच मुंबईकडे जाऊ.

१९८२ साल. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. मुंबईचे हवालदार आणि गिरणी कामगार वेगळे नव्हते. वरळी, नायगावच्या त्याच चाळी, तोच नळ, तीच गावाकडची माणसं. एक भाऊ गिरणीत, एक पोलिसात. पोलिसांचीही संघटना होती. साहेबांच्या घरची कामं, पगार, राहायच्या जागा यांवर ती भांडत होती. ऑगस्टमध्ये सरकारनं त्या संघटनेची मान्यता काढली आणि पुढाऱ्यांना पकडलं. १८ ऑगस्टला पोलीसच रस्त्यावर आले, गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. कालपर्यंत ज्यांना मोर्च्यावर काठी चालवायला सांगत होते, त्यांच्यावर दुसऱ्यांच्या बंदुका रोखल्या गेल्या.

पुढं पुष्कळ वर्षं हवालदाराची ड्यूटी बारा तासांचीच राहिली, सणासुदीला त्याहून जास्त. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका साध्या हवालदारानं आठ तासांच्या ड्यूटीचं वेळापत्रक बनवून वरिष्ठांपुढे ठेवलं, आणि आयुक्तांनी ते तिथं राबवून बघितलं. ते मागणं पुढाऱ्याचं नव्हतं, ड्यूटी करून थकलेल्या एका कामगाराचं होतं.

म्हणून आमचं दुसरं म्हणणं. पोलीस हा कामगार आहे. त्याला आठ तास हवेत, सुट्टी हवी, विमा हवा, संघटना हवी. त्याच्या या मागण्यांना आपला पाठिंबा असायला हवा, कारण त्या आपल्याही मागण्या आहेत. पण तो असा कामगार आहे की ज्याच्या हातात दुसऱ्याला डांबायची आणि मारायची सत्ता आहे. ज्याच्या हाती सत्ता जास्त, त्याच्याकडून हिशोबही जास्त घ्यायचा. किचनमध्ये ज्याच्या हातात सुरी, त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. त्यात त्याचा अपमान नाही. हिशोब मागणं हाही मानच आहे, कारण तुम्ही त्या माणसाला जबाबदार धरता.

मग आपण कामगारांनी पोलिसाला नेमकं काय द्यायचं? चार गोष्टी.

एक, साधी माणुसकी. गाडी थांबवली तर बाजूला घ्या, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, लायसन्स आणि इन्शुरन्स मागितला की दाखवा. आवाज चढवू नका. 'सर' म्हणा, पण गयावया करू नका. गावाकडच्या चौकीत जसे हात जोडून 'माफ करा साहेब' म्हणतो तसं इथं म्हटलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं.

दोन, खरं बोलणं किंवा गप्प राहणं. खोटं नाव, खोटा कागद कधीच नाही. त्यानं साधी गोष्ट गुन्ह्याची होते. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची सक्ती नाही. 'मला वकिलाशी बोलायचंय' हे म्हणायचा हक्क आहे. गाडीची झडती घेऊ का असं विचारलं तर 'नाही' म्हणता येतं, शांतपणे. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ आहे त्यांनी ते जवळ ठेवावं, तसा कायदाच आहे.

तीन, पोलिसाला पोलिसाचं काम करायला लावणं. सगळ्यात मोठा मान हाच. टेक्सासच्या फौजदारी कायद्यात 'सेवेची चोरी' हा गुन्हा आहे, आणि काम करून घेऊन पैसे बुडवणं त्यात येऊ शकतं. पूर्वी मालक थोडे डॉलर हातावर टेकवायचे आणि म्हणायचे, 'बघा, मी देत होतोच.' २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून ती पळवाट बुजवली. तरी ठाण्यात बरेचदा ऐकायला मिळतं, 'हे दिवाणी प्रकरण आहे.' तेव्हा नम्रपणे, पण ठामपणे कायद्याचं नाव घ्या. याशिवाय थकलेल्या पगाराची तक्रार टेक्सास वर्कफोर्स कमिशनकडे करता येते, पगार देय झाल्यापासून १८० दिवसांच्या आत. केंद्राचा किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा तर कामगाराचे कागद कसे आहेत हे बघून लागू होत नाही. केलेल्या कामाचा पैसा म्हणजे पैसा.

चार, साक्ष देणं. टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्यानं पोलिसाला ताब्यातल्या माणसाचं इमिग्रेशन विचारायची मुभा दिली, ते वाईटच झालं. पण त्याच कायद्यात लिहिलंय की गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार असेल तर, तपासाला गरज असल्याशिवाय किंवा अशा लोकांसाठीच्या व्हिसाची माहिती द्यायची असल्याशिवाय, ते विचारायचं नाही. काही गंभीर गुन्ह्यांत, मारहाण, डांबून ठेवणं, वेठबिगारी अशांत, तपासाला मदत करणाऱ्या बळीला यू व्हिसा किंवा टी व्हिसा मिळू शकतो. यू व्हिसासाठी पोलिसासारख्या यंत्रणेची सही लागते, वर्षाला १०,००० च मिळतात आणि रांग फार मोठी आहे. त्यामुळे तो हातात पडलाच असं धरू नका. नियम बदलत राहतात, म्हणून पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारा, व्हॉट्सॲपवरच्या काकांना नाही.

आखातातले भाऊ विचारतील, हे सगळं अमेरिकेचं, आमचं काय? तुमच्याकडे मालकानं पासपोर्ट ठेवून घेतलेला असतो, आणि 'हा पळून गेला' अशी एक तक्रार दिली की कायद्याच्या लेखी तुम्हीच गुन्हेगार. तिथं पोलिसासमोर एकट्यानं ठाम उभं राहायला सांगणं म्हणजे बेजबाबदारपणा होईल. तरी पासपोर्ट मालकानं ठेवणं तिथल्या बऱ्याच देशांतही बेकायदाच आहे. आधी भारतीय दूतावास, बरोबर दोन-चार माणसं, कागदांचे फोटो घरी पाठवलेले, आणि मग ठाणं. देश बदलला की रस्ता बदलतो. पण कसोटी एकच राहते. सगळ्यात कमी आवाज असलेला माणूस, ज्याला भाषा येत नाही, ज्याचे कागद अडकलेत, तो रात्री पोलिसाला बोलवायची हिंमत करतो का? जिथं करतो, तिथल्या पोलिसांनी मान कमावलाय. जिथं करत नाही, तिथं कितीही स्टिकर लावा, ती भीतीच आहे.

महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीदवाक्य आपण लहानपणापासून चौकीवर वाचत आलो, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. चांगल्याचं रक्षण, वाईटाचा बंदोबस्त. याहून जास्त काही आपण मागत नाही, आणि याहून कमीवर मान द्यायला आपण बांधील नाही.

आता कराडच्या दादाचं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. आधी दवाखान्यात जाऊन खांद्याचा कागद घेतला. तो कामाचे तास वहीत लिहून ठेवायचा, ती वही नेली. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पगाराचं ऐकून मान हलवली, ते आमच्याकडे येत नाही म्हणाला. मारहाणीचं मात्र नीट लिहून घेतलं, दुभाष्याला फोन लावून हिंदीत विचारलं, रिपोर्टचा नंबर दिला. निघताना म्हणाला, त्रास झाला तर फोन करा. पगाराची तक्रार कमिशनकडे गेली आहे, १८० दिवसांच्या आत. पैसे अजून आलेले नाहीत. काय होतं ते इथंच कळवू.

परत येताना दादा गाडीत गप्प होता. मग म्हणाला, "तो पोलीस बरा होता हो. खुर्ची दिली मला बसायला."

स्टिकर अजून काचेवर आहे. काढ असं आम्ही त्याला सांगणार नाही. पण आता त्याच्या पाकिटात त्या रिपोर्टचा नंबरही आहे.